मुलाम्याखालील गंज

‘वरून कीर्तन, आंतून तमाशा’ अशी एक म्हण आपल्याकडे रूढ आहे. माणसांप्रमाणेंच ती कित्येक वस्तूंनाही लागू पडते, आणि जुन्या मोटारींची हौस असणाऱ्या लोकांना तिचा प्रत्यय फार लौकर येतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वींची एखादी गाडी मोठ्या कष्टानें पूर्वरूपास आणावी, तिचा पोचे पडलेला बंपर काढून त्या जागीं नव्यानें घडविलेला, आरशासारखा लखलखीत बंपर बसवावा, आणि एक पावसाळा उलटतो न उलटतो तोंच त्यावर तपकिरी ठिपके उमटावे, हा अनुभव विरळा नाहीं. पैसा गेल्याचें दुःख होतेंच. पण त्याहून मोठें नुकसान असें कीं, नवा भाग मिळाला म्हणून जुना अस्सल भाग तोंवर भंगारवाल्याकडे गेलेला असतो, आणि तो कांहीं परत येत नाहीं. तेव्हां नव्या भागाच्या पोटांत दडलेला हा गंज कोठून येतो, तो आधीं कसा ओळखावा आणि त्याचा बंदोबस्त कसा करावा, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम क्रोमचा मुलामा म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. मोटारींच्या आरंभकाळीं चकाकणारे भाग बहुधा पितळेचे असत. पुढें त्यांवर निकेल चढवूं लागले. परंतु निकेल हवेंत पिवळट पडतें व वारंवार घांसावें लागतें. इ. स. १९२५ च्या सुमारास क्रोमियमचा थर विजेच्या साह्यानें चढविण्याची पद्धति कारखान्यांच्या आटोक्यांत आली, आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेंतील व युरोपांतील मोटारींचे रेडिएटर, दिवे व बंपर निळसर पांढऱ्या तेजानें झळकूं लागले. क्रोमियम कठीण असतें. त्यावर ओरखडा सहसा उठत नाहीं. शिवाय प्राणवायूशीं संयोग होऊन त्याच्या पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा तयार होतो, त्यामुळें तें काळवंडत नाहीं.

येथेंच पुष्कळांची समजूत चुकते. जें चकाकतें तेंच गंजापासून रक्षण करतें, असें त्यांना वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. शोभेच्या मुलाम्यांत क्रोमचा थर पाव ते अर्धा मायक्रॉन इतकाच असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अर्थात् हा थर माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ झाला. त्यांत सूक्ष्म छिद्रें व चिरा असतात आणि त्यांतून पाणी खालीं उतरतें. खरें रक्षण करतें तें क्रोमखालचें निकेल. उन्हापावसांत वावरणाऱ्या पोलादी भागावर निकेलचा थर तीस-चाळीस मायक्रॉन जाड असावा लागतो. चांगल्या कामांत हें निकेलही दोन थरांत दिलेलें असतें. वरचें निकेल किंचित् गंधकयुक्त व चकचकीत, खालचें गंधकविरहित. पाणी आंत शिरलेंच, तर वरचें निकेल आधीं झिजतें आणि ही झीज पोलादाच्या दिशेनें खोल न जातां आडवी पसरते.

या म्हणण्याचा पडताळा इतिहासानेंच दिला आहे. १९५० ते १९५३ या काळांत कोरियाचें युद्ध चालूं असतां अमेरिकेंत निकेल हें युद्धसाहित्यासाठीं राखून ठेवण्यांत आलें. मोटारी तर निघतच होत्या. तेव्हां १९५२ च्या सुमाराच्या कित्येक गाड्यांच्या भागांवर निकेलला फांटा देऊन तांब्यावरच क्रोम चढविलें गेलें व वरून पारदर्शक रोगणाचा हात देण्यांत आला. दुकानांत उभ्या असतांना त्या गाड्या इतर गाड्यांइतक्याच झळकत होत्या. पण तो मुलामा लौकरच गंजला. क्रोम तेंच होतें. नव्हतें तें निकेल. जुनें तेवढें सारें चांगलें, असेंही यावरून म्हणतां येत नाहीं.

निकेल व लोखंड ओलाव्यांत एकमेकांस लागून राहिलीं म्हणजे त्यांचा एक लहानसा विद्युत्घट बनतो. या घटांत झिजतें तें लोखंड. निकेल शाबूत राहतें. जस्ताचा प्रकार याच्या उलट आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या घरांतील बादलीस ओरखडा पडला, तरी जस्त स्वतः झिजून लोखंडास वांचवितें. जस्त हा धन्यासाठीं स्वतःचा जीव वेंचणारा इमानी चाकर होय. निकेल हा नुसता तट आहे. तट अभंग आहे तोंवर आंतली वस्ती सुरक्षित. त्याला खिंडार पडलें कीं सारा मारा त्याच एका ठिकाणीं होतो. म्हणूनच क्रोमखालील गंज पसरट न होतां सुईच्या भोंकासारखा खोल जातो. शिवाय लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक जागा व्यापतो. त्या दाबानें मुलामा उचलला जातो, फोड येतो व शेवटीं पापुद्रा सुटतो.

आतां नव्यानें घडविलेल्या भागांत ही खिंडारें अधिक कां आढळतात, तें पाहूं गेल्यास कारण साधें आहे. मुलाम्याच्या कामांत वेळ व पैसा खर्च होतो तो पोलाद घांसून गुळगुळीत करण्यांत आणि निकेलचा जाड थर देण्यांत. या दोन्ही गोष्टी गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडत नाहींत. दृष्टीस पडतें तें क्रोम, आणि तें तर कांहीं मिनिटांत चढतें. स्वस्त माल काढणाऱ्याची काटकसर साहजिकच न दिसणाऱ्या ठिकाणीं होते. यांत विजेच्या स्वभावाची भर पडते. मुलाम्याच्या टांकींत कडा व पुढें आलेले भाग यांवर धातु अधिक जमतो. खळग्यांत व पाठीच्या बाजूस तो फार थोडा पोंचतो. नळीच्या पोटांत तर तो मुळींच शिरत नाहीं. त्यामुळें बंपरची पाठ, दिव्याच्या कड्याची दुमडलेली कड, जोडाचे सांधे आणि पोकळ भागांचें अंतरंग हीं सर्व ठिकाणें जवळजवळ उघडीं असतात. टांकींतील ॲसिडाचा अंश सांध्यांत अडकून राहिला, तर गाडी रस्त्यावर न येतांच, खोक्यांत असतांनाच गंजाची सुरुवात होते.

नवा भाग हातीं येतांच तो तपासून घ्यावा. इंग्लंडांतील एम्. जी. बी. या गाडीला १९६२ पासून १९७४ पर्यंत क्रोमचे बंपर असत, आणि तसले बंपर नव्यानें घडवून विकले जातात. आपल्या कुर्ल्यास तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे बंपरही क्रोमचेच होते. अशा कोणत्याही भागाची पाठ प्रथम पाहावी. तोंड सर्वांचेंच गोजिरें असतें. पाठीवर करडें पोलाद किंवा तपकिरी छटा दिसली कीं सावध व्हावें. दुमडलेल्या कडेंतून पिवळसर ओघळ आला आहे काय, हें भिंगानें न्याहाळावें. भाग तिरपा धरून त्यांत एखाद्या सरळ रेषेचें प्रतिबिंब पाहावें. रेषा लाटांसारखी वांकडी दिसली, तर खालचें घांसकाम उरकून टाकलेलें आहे असें समजावें. जुन्या इंग्रजी गाड्यांच्या दिव्यांचीं कडीं पुष्कळदां पितळेचीं असत. नव्या कड्यास लोहचुंबक घट्ट चिकटलें, तर तें कडें पोलादाचें आहे व गंजणार, हें निश्चित. दोष कोणत्या धातूचा आहे, हें रंगावरूनही कळतें. तपकिरी ठिपका पोलादाचा. फोडाखालीं पांढरी भुकटी असेल, तर भाग जस्ताच्या ओतकामाचा. हिरवट डाग दिसला, तर तांबें किंवा पितळ.

बंदोबस्त करावयाचा तो भाग गाडीवर चढविण्यापूर्वीं. कोमट पाणी व सौम्य साबण यांनीं तो धुवावा, सांधे पुन्हां पुन्हां खळाळावे आणि उन्हांत पूर्णपणें वाळवावा. दर्शनी बाजू कागदानें झांकून पाठीवरील सुटा गंज तारेच्या ब्रशानें काढावा. उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिड असलेलें गंजनिवारक द्रव्य लावावें. पाठीवर पातळ मुलामा असेल, तर तो पॉलिशपेपरानें खरबरीत करावा, नाहींपेक्षां रंग त्यास धरत नाहीं. मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात व त्यावर रंग द्यावा. पोकळ भागांत व दुमडलेल्या कडांत पातळ मेण सोडावें. मात्र पाणी निघून जाण्याचीं तळचीं छिद्रें बुजूं देऊं नयेत. हें मेण दर वर्षीं, समुद्रकांठच्या मुंबईसारख्या गांवीं तर मृगापूर्वींच, नव्यानें द्यावें. कारण खाऱ्या हवेंत गंजाची गति वाढते.

तोंडावर ठिपके उठलेच, तर ॲल्युमिनियमचा पातळ कागद पाण्यांत भिजवून हलक्या हातानें घांसावा. ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ असल्यामुळें ओरखडे न पडतां डाग निघतो. परंतु डाग निघाला म्हणजे छिद्र बुजलें असें नव्हे. म्हणून लगेच कोरडें पुसून मेण लावावें व पुढेंही लक्ष ठेवावें. संडास धुण्याच्या द्रवांत पुष्कळदां हायड्रोक्लोरिक ॲसिड असतें. त्यानें क्रोम विरघळतें. तें जवळही आणूं नये.

राहतां राहिला जुना भाग. तो पोचलेला असला, त्यावर खड्डे पडलेले असले, तरी पोलाद मजबूत असेल तर तो मोडींत काढूं नये. जुना मुलामा उतरवून, खड्डे तांब्यानें भरून व घांसून त्यावर निकेल-क्रोम पुन्हां चढवितां येतें. आणि मूळ भाग गाडीवर जसा बसतो तसा नवा क्वचितच बसतो. मात्र हें काम स्वस्त नाहीं, आणि नसावेंही. मुलाम्याच्या टांकींतील षट्संयुजी क्रोमियमचे तुषार कामगारांच्या नाकास व फुप्फुसांस अपाय करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९० मध्यें त्याची गणना कर्करोगकारक द्रव्यांत केली. युरोपीय संघांत सप्टेंबर २०१७ पासून क्रोमिक ॲसिडाच्या अशा वापरास खास परवाना आवश्यक झाला, तर कॅलिफोर्निया राज्यानें शोभेच्या मुलाम्यासाठीं त्याचा वापर २०२७ पासून बंद करण्याचें २०२३ मध्यें ठरविलें. त्रिसंयुजी क्रोमियमचा मुलामा त्या मानानें निर्धोक आहे. त्याची छटा मात्र किंचित् वेगळी येते. अशक्य वाटावें इतक्या कमी दरांत मुलामा मिळत असेल, तर ती बचत निकेलमधून तरी झालेली असते किंवा कामगाराच्या श्वासांतून तरी, हें गिऱ्हाइकानें ध्यानांत घ्यावें.

सारांश, क्रोमची चकाकी ही गुणाची ग्वाही नव्हे. वस्तु घेतांना ती उलटी करून पाहावी, पाठीची काळजी तोंडाआधीं घ्यावी, आणि नवा भाग दोन-तीन पावसाळे धड टिकलेला दिसेपर्यंत जुना भाग तेल लावून, कापडांत गुंडाळून जपून ठेवावा.