वीस फुटी अँगल, पंधरा फुटी शेड

लोखंडाचा अँगल किंवा चौकोनी पाइप बाजारात साधारण ६ मीटरच्या, म्हणजे जवळजवळ २० फुटांच्या लांबीत येतो. नांदेड-लातूरकडे फाट्याफाट्यावर दिसणारं वेल्डिंगचं पत्र्याचं दुकान मात्र १० बाय १५ फुटांचं असलं तरी बरं म्हणायचं. असा अँगल मधोमध कापायचा तर कटरच्या दोन्ही अंगांना दहा-दहा फूट मोकळे हवेत आणि ते या शेडमध्ये कोणत्याच दिशेला नाहीत. मग निम्मा अँगल दारातून रस्त्यावर जातो, त्याचं टोक कुणीतरी धरून उभं राहतं आणि काप तिरका येतो. शेड वाढवायची तर जागा लागते, पैसा लागतो. माल आखूड होत नाही. हलवता येण्याजोगं उरतं ते यंत्र. कटर, ड्रिल मशीन, ग्राइंडर यांना फिरतं स्टँड असावं, इथवर बहुतेकांचं एकमत होईल. चूक पुढे होते. स्टँडच्या चार कोपऱ्यांना चार चाकं ठोकली की काम झालं असं समजलं जातं. चाकं यंत्र नेण्यासाठी असतात. काम सुरू असताना यंत्राचा भार पायांवरच हवा.

फिरता कारखाना मराठवाड्याला नवा नाही. घिसाडी आणि गाडीलोहार पिढ्यानपिढ्या भाता, ऐरण, घण गाडीवर घालून गावोगाव फिरत आले. पण मुक्काम पडला की ऐरण खाली उतरायची आणि जमिनीत पक्की बसायची. गाडीवर ठेवलेल्या ऐरणीवर कुणी फाळ शेवटला नाही. बैल सोडल्यावर गाडीलाही पुढून टेकू लागतोच. अगदी आजचं उदाहरण हवं असेल तर लातूरजवळ हरंगुळचा रेल्वे कोच कारखाना घ्या. २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तिथे तयार झाला. रेल्वेचा डबा तर धावण्यासाठीच जन्माला येतो. तरीही रेल्वेच्या वर्कशॉपात मोठ्या दुरुस्तीला आलेला डबा चाकांच्या बोगीवरून उचलतात आणि भक्कम घोड्यांवर ठेवतात.

यावर कुणी मळणी यंत्राकडे बोट दाखवील. सोयाबीनच्या दिवसांत ते शेतात चाकांवरच उभं राहून धडधडत असतं. खरं आहे. पण त्याची चाकं मातीत बसलेली असतात, पुढेमागे दगड लावलेले असतात आणि मुख्य म्हणजे त्याला पंचच्या खुणेवर नेमकं भोक पाडायचं नसतं. ड्रिल मशीनला तेच करायचं असतं. फिरत्या चाकाला, म्हणजे दुकानदार ज्याला कॅस्टर म्हणतात त्याला, दोन हालचाली असतात: चाक आसाभोवती फिरतं आणि अख्खा काटा वरच्या खुंटीभोवती वळतो. स्वस्तातला ब्रेक फक्त पहिली थांबवतो. दुसरी मोकळीच राहते, त्यामुळे ब्रेक लावलेलं स्टँडही हँडल ओढताच काही मिलिमीटर सरकतं. ग्राइंडरच्या थरथरीत ते हळूहळू जागाच सोडतं.

सरकण्यापेक्षा उलटणं वाईट, आणि त्याचा हिशेब शाळेतल्या तरफेचाच आहे. यंत्र आणि स्टँड मिळून ८० किलो, पायांमधलं अंतर ५० सेंटिमीटर, वजन बरोबर मध्यावर, आणि धक्का बसतो जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर असं धरू. ८० ला निम्म्या रुंदीने, म्हणजे २५ ने गुणून १२० ने भागलं की उत्तर येतं सुमारे १७. म्हणजे १७ किलोच्या जोराने ढकललं तरी ते कलू लागतं. आता कॅस्टरची गंमत बघा. त्याचा आस खुंटीच्या सरळ खाली नसतो, थोडा मागे असतो. चाकं आतल्या बाजूला वळली आणि प्रत्येक बाजू ४ सेंटिमीटरने आत आली, तर तेच उत्तर १४ वर उतरतं. स्टँड तेच, वजन तेच, फक्त चाकांनी तोंड फिरवलं! यावर नेहमीचा उपाय पाया रुंद करण्याचा. ७० सेंटिमीटर केला तर १७ चे २३ होतात, पण लहान शेडमध्ये २० सेंटिमीटर म्हणजे येण्याजाण्याची वाट. त्यापेक्षा स्टँडच्या तळाला पत्र्याचा ५० बाय ५० चा ट्रे करून त्यात ५ सेंटिमीटर काँक्रीट ओतावं. ते भरतं सुमारे ३० किलो. एकूण वजन ११० झालं की उत्तर पुन्हा २३ च येतं, आणि जागा एक सूतभरही जास्त लागत नाही. शिवाय हे वजन तळाशी असल्याने स्टँड कललं तरी लवकर तोल जात नाही.

मग हलवायचं कसं? एका बाजूच्या दोन पायांना दोन न वळणारी चाकं अशी लावावीत की स्टँड सरळ उभं असताना ती जमिनीपासून दोन-तीन मिलिमीटर वर राहतील. समोरच्या बाजूला चौकोनी पाइपची खोबण करून त्यात काढता-घालता येणारा दांडा ठेवावा. दांडा उचलला की स्टँड किंचित कलतं, चाकं टेकतात आणि ते हातगाडीसारखं चालू लागतं. आसापासून एक मीटरवर दांडा धरला तर ११० किलोसाठी सुमारे २८ किलो उचलावे लागतात, दीड मीटरवर धरला तर १८. दांडा सोडला की भार आपोआप पायांवर. यात ब्रेकच नाही, त्यामुळे तो लावायला विसरण्याचा प्रश्नही नाही. ४० बाय ४० बाय ५ चा अँगल मीटरला ३ किलो भरतो; सात मीटरमध्ये सांगाडा होतो आणि तो वेल्डिंगच्या दुकानात भंगारातूनही निघतो.

चाक लहान घेऊ नये, कारण इथली जमीन. काळी कापसाची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर नीट भराव न करता केलेला कोबा तडकतो, एकीकडून उचलला जातो. दोन इंची चाक त्या भेगेत अडतं. चार ते सहा इंची सहज ओलांडतं. रबरात लोखंडाचा कीस रुततो, म्हणून नायलॉन किंवा ओतीव लोखंड बरं. ज्यांना चार चाकांचं स्टँडच करायचं आहे त्यांनीही वजनाला चारने नव्हे, तीनने भागून चाक निवडावं. उंचसखल जमिनीवर एक चाक बहुधा अधांतरीच असतं. पायांचंही तसंच. प्रत्येक पायाच्या तळाला नट वेल्ड करून त्यात बोल्ट घातला की लेव्हल साधता येते.

यंत्र जमिनीला बोल्टने जखडावं असं माहितीपुस्तिका सांगते, हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. लेथला तो पूर्ण लागू आहे. लेथच्या बेडला जरासा पीळ पडला तरी काम निमुळतं होतं, त्यामुळे लेथ, पॉवर प्रेस, पॉवर हॅमर यांना चाकं लावण्याचा विचारही करू नये. पण भाड्याच्या शेडमध्ये, तडकलेल्या कोब्यात ठोकलेला बोल्ट ड्रिल मशीनला जी स्थिरता देतो, ती तळाच्या काँक्रीटने आणि टेकलेल्या पायांनीही मिळते. कटर दाराशी नेता आला तर ठिणग्या बाहेर पडतात आणि मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखालून कारागीरही सुटतो, हा फायदा वेगळाच.

वायरचा आक्षेप मात्र खराच आहे. फिरत्या यंत्राची वायर ओढली जाते, चाकाखाली चिरडते, आणि आतली अर्थिंगची तार तुटली तरी मोटर चालूच राहते, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. यंत्र लोखंडी पायांवर कोब्यावर उभं आहे म्हणजे अर्थिंग झालं, असं मुळीच नाही. म्हणून वायर जाड वेष्टनाची आणि तीन तारांची घ्या, प्लग तीन पिनांचाच ठेवा, आणि ती तिसरी तार यंत्राच्या अंगापासून जमिनीपर्यंत खरोखर पोचते का, हे दर दिवाळीला दुकान झाडताना इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.