आभासी यंत्र (संगणकीय)

आभासी यंत्र : एका प्रत्यक्ष संगणकावर आज्ञावलीच्या साहाय्याने उभारलेला, स्वतःची प्रचालन प्रणाली असलेला संगणक. मूळ संगणकास यजमान व त्यावरील यंत्रास अतिथी म्हणतात. दोहोंमध्ये स्मृती, प्रक्रियक व तबकडी यांची वाटणी करणारी आज्ञावली म्हणजे हायपरव्हायजर. आयबीएमने १९७२ मध्ये मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० प्रणाली जाहीर केली. वैयक्तिक संगणकासाठी व्हीएमवेअरची आज्ञावली १९९९ मध्ये आली.

कार्यालयीन संगणकावर असे यंत्र उभारणे सहसा शक्य होत नाही. हायपरव्हायजर यजमान प्रणालीच्या गाभ्यात चालक-आज्ञावली बसवितो व त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. प्रक्रियकातील आभासीकरणाची सोय काही ठिकाणी बायोसमध्ये बंद करून परवलीच्या शब्दाने कुलूपबंद केलेली असते, व्हर्च्युअलबॉक्स ६.१ (२०१९) पासून या सोयीवाचून चालत नाही. या निर्बंधांमागे सबळ कारण आहे. यजमानावरील विषाणुप्रतिबंधक आज्ञावली, सुरक्षा-सुधारणा व नोंदी अतिथीस आपोआप लागू होत नाहीत. शिवाय सबंध अतिथी यंत्र यजमानाच्या दृष्टीने केवळ एक-दोन मोठ्या फायली असल्याने ते माहितीसह उचलून नेता येते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सुरक्षाभंग ६ तासांत कळविणे व नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक झाले. ज्या यंत्राची नोंदच नाही, त्याविषयी संस्था काय कळविणार?

खानदेशात हा प्रश्न दोन ठिकाणी जाणवतो. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील नागरी सहकारी बँकांस रिझर्व्ह बँकेची १९ ऑक्टोबर २०१८ ची सायबर सुरक्षा चौकट लागू झाली. तीनुसार कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर प्रशासकीय अधिकार देऊ नयेत, आज्ञावली बसविण्यावर नियंत्रण असावे. तेथे जुनी लेखा-आज्ञावली चालवून पाहण्यासाठी आभासी यंत्र हवे असल्यास ते टेबलावरील संगणकाऐवजी मध्यवर्ती सर्व्हरवर, विलग जाळ्यात असणे योग्य. दुसरे, मार्च २०२० मधील टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतील नोकरदार गावी राहून कंपनीच्या लॅपटॉपवर काम करू लागले. विकासकास लिनक्स हवे, लॅपटॉपवर विंडोज. तेव्हा छुप्या मार्गाने अतिथी बसविण्याचा मोह होतो. ब्रिज पद्धतीच्या जोडणीत अतिथीस जाळ्यात स्वतंत्र पत्ता मिळतो व तो लगेच नजरेस येतो. नॅट पद्धतीत तो यजमानाआड राहतो, तथापि नियमभंग टळत नाही. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मुक्त असला, तरी त्याच्या विस्तार-संचाच्या व्यावसायिक वापरास स्वतंत्र परवाना लागतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

सरसकट बंदी हा मात्र प्रशासनाचा आळस होय. गरज लेखी नोंदवून घेऊन, मुदत ठरवून, संस्थेनेच तयार केलेली अतिथी-प्रतिमा कर्मचाऱ्यास दिल्यास दोन्ही बाजूंची सोय होते; सुधारणा व नोंदी तीतच बसविता येतात.