भौतिकशास्त्राचे उदाहरण कसे सोडवावे?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने भौतिकशास्त्रावर लिहावे, हे पाहून विज्ञान शाखेतील मित्रमैत्रिणी हसतील. पण त्यास कारण घडले आहे. माझा धाकटा भाऊ मराठी शाळेतून दहावी होऊन यंदा अकरावी विज्ञानला गेला आणि दिवाळीपूर्वीच ‘सायन्स सोडतो, ते आपल्या डोक्याचे काम नव्हे,’ असे म्हणू लागला. माझ्याआधी आमच्या घरातील कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. ‘अभ्यास कर’ असे सांगणारे घरी सगळे आहेत. तो कसा करावा हे सांगणारे कोणी नाही. खडवली ते कल्याण या लोकलच्या प्रवासात अशी कितीतरी मुले भेटतात. त्यांचे खरोखरच डोक्यावाचून अडते काय? मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्मरण आणि समस्या सोडविणे यांवर जे वाचले, त्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच व रॉबर्ट ग्लेझर या अमेरिकेतील संशोधकांनी १९८१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. भौतिकशास्त्राच्या उदाहरणांचे गट पाडण्यास त्यांनी नवशिक्यांना व जाणकारांना सांगितले. नवशिक्यांनी उतरणीची उदाहरणे एकीकडे व स्प्रिंगची दुसरीकडे ठेवली, म्हणजे वरवरचे साम्य पाहिले. जाणकारांनी मात्र कोठे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम लागतो आणि कोठे न्यूटनचा दुसरा नियम, हे पाहून गट केले. यावरून एक गोष्ट उघड होते. ‘यात कोणते सूत्र घालू?’ असे विचारण्याऐवजी ‘येथे काय घडते आहे आणि कोणत्या नियमाने घडते आहे?’ असे विचारण्याची सवय हवी. सवय ही लावून घेता येते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांतून काम केले. मुलांना विज्ञान अवघड वाटते, त्याचे एक मोठे कारण पाठ्यपुस्तकांची बोजड भाषा हे आहे, असा विचार त्यांनी आग्रहाने मांडला. अकरावीला तर भाषाच बदलते. शिवाय ओळखीचा शब्दही येथे वेगळा अर्थ घेऊन येतो. बाई डोक्यावर हंडा घेऊन सपाट रस्त्याने एकसारख्या चालीने मैलभर चालली, तर आपण म्हणू की तिने केवढे काम केले! भौतिकशास्त्र म्हणते, हंडा पेलणारे बल वरच्या दिशेने, चालणे आडव्या दिशेने. दोहोंत काटकोन, म्हणून त्या बलाने केलेले कार्य शून्य. हा फरक कोणी सांगितला नाही, तर मुलाला वाटते आपलीच बुद्धी कमी. म्हणून इंग्रजीतील उदाहरण आधी आपल्या मराठीत सांगून पाहावे.

यापुढची रीत गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली आपल्या पुस्तकात मांडली आहे. प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि उत्तर आल्यावर मागे वळून पाहणे, अशा तिच्या चार पायऱ्या आहेत. आपल्याच स्थानकाचे उदाहरण घेऊ. खडवलीहून सुटलेली लोकल एकसमान त्वरणाने ३० सेकंदांत ताशी ५४ किलोमीटर वेग गाठते, असे समजा. तेवढ्या वेळात ती किती अंतर जाईल?

प्रथम आकृती काढून माहिती लिहावी: आरंभीचा वेग शून्य, अखेरचा ताशी ५४ किलोमीटर, वेळ ३० सेकंद. एकके जुळत नाहीत, म्हणून ५४,००० मीटरला ३,६०० सेकंदांनी भागावे. वेग सेकंदाला १५ मीटर झाला. आता योजना. वेग शून्यापासून सारखा वाढत गेला, तेव्हा सरासरी वेग निम्मा, म्हणजे ७.५ मीटर. त्यास ३० ने गुणले की उत्तर २२५ मीटर.

पुष्कळजण येथे वही मिटतात. खरी परीक्षा चौथ्या पायरीवर असते. बारा डब्यांची लोकल सुमारे २५० मीटर लांब असते. म्हणजे हा वेग येईपर्यंत शेवटचा डबा जेमतेम फलाटाच्या टोकाशी आलेला असेल. रोज गाडी पकडणाऱ्याला हे पटण्यासारखे आहे. एखाद्याने घाईघाईत ५४ गुणिले ३० करून १,६२० मीटर उत्तर काढले, तर गाडी सरासरी ताशी १९४ किलोमीटर वेगाने धावली असा अर्थ होईल. तिचा अखेरचा वेगच ५४ असताना हे कसे शक्य आहे? शिक्षकांच्या लाल शाईची वाट न पाहता चूक आपली आपल्याला सापडते.

राहिला प्रश्न वाचनाचा. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून, तो न पाहता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी पहिला उतारा अधिक आठवत होता. आठवड्यानंतर मात्र पहिल्यातील सुमारे ४२ टक्के आठवले, तर दुसऱ्यातील ५६ टक्के. यावरून घोकंपट्टीची किंमत कळावी. सोडविलेले उदाहरण नुसते वाचले की ‘समजले’ असे वाटते. ते झाकून कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवावे, आणि चार दिवसांनी आणखी एकदा. परीक्षेच्या आदल्या रात्री चाळीस उदाहरणे करण्यापेक्षा रोज दोन बरी. ‘पी हळद आणि हो गोरी’ हे येथे चालत नाही.

माझा भाऊ अद्याप विज्ञान शाखेतच आहे. सगळी उदाहरणे त्याला सुटतात असे नाही. परंतु कोठे अडले ते आता त्याला सांगता येते, आणि जे सांगता येते ते विचारताही येते. सुशिक्षित घरांतील मुलांना ही रीत जेवताखाता मिळते. इतरांना ती मिळावी कोठून? वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक तास खालच्या वर्गातील मुलांबरोबर बसावे, आणि प्राध्यापकांनी फळ्यावर सूत्र लिहिण्यापूर्वी ‘हे उदाहरण तुझ्या भाषेत सांग पाहू’ असे एकदा विचारावे, एवढीच नम्र विनंती आहे. यास खर्च काही नाही. आणि ‘आपल्या डोक्याचे काम नव्हे’ म्हणून वर्ग सोडणारे एखादे मूल त्यामुळे बाकावर टिकून राहील.