बुडबुड्यांचा अंगरखा

गडहिंग्लजच्या हिरण्यकेशी नदीत पहिली उडी मारली की अंगावर कसा सर्रकन काटा येतो! तासभर डुंबलात तर ओठ निळे पडतात, दात कडाकडा वाजायला लागतात. पण तेवढ्याच गार हवेत मैदानाच्या कडेला बसून फुटबॉलचा अख्खा सामना बघताना असं काही होत नाही. का बरं? कारण पाण्यातून उष्णता हवेच्या सुमारे २४ पट सहज वाहते. आपलं अंग ३७ अंश सेल्सिअस, पाणी त्याहून गार. मग पाणी आपली ऊब पळवत राहतं.

आता गडहिंग्लजहून आजऱ्याकडे निघा. आपली हिरण्यकेशी जिथे उगम पावते ती आंबोली ओलांडून, घाट उतरून मालवण गाठा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ समुद्राच्या तळाशी मासे आणि प्रवाळ बघायला माणसं बुडी मारतात. त्यांच्या अंगावर काळा, घट्ट, जाडसर पोशाख असतो. तो म्हणजे वेटसूट.

हातात घेतला तर तो स्पंजासारखा दबतो. तो निओप्रीन नावाच्या रबराचा असतो. हे रबर झाडाच्या चिकापासून होत नाही. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी ते 1930 मध्ये प्रयोगशाळेत बनवलं. 1950 नंतर ह्यू ब्रॅडनर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ओळखलं की ऊब टिकवायला अंग कोरडं असायची गरजच नाही. आत थोडं पाणी शिरलं तरी चालेल, ते अंगाच्या उबेने कोमट होतं. खरं काम करतात रबरात कोंडलेले वायूचे असंख्य बारीक बुडबुडे! ते उष्णतेची वाट अडवून धरतात.

म्हणून वेटसूट सांभाळायचा म्हणजे हे बुडबुडे सांभाळायचे. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप सुचतं बघा.

घडी घालून वर जड बॅग ठेवली तर काय होईल? घडीवरचे बुडबुडे चेपतील, आणि बरेच दिवस तसेच राहिले तर पुन्हा फुगणारच नाहीत. तिथे कायमची वळी पडते आणि त्या वळीतून गारवा आत येतो. समुद्रातही ते चेपतातच. १० मीटर खोल गेलं की दाब दुप्पट होतो, बुडबुडे जवळजवळ निम्मे होतात. वर आलं की पुन्हा फुगतात. पण अशा खूप बुड्या झाल्या की सूट थोडा पातळ होतोच. ते आपल्या हातात नाही. घडी मात्र आपल्या हातात आहे!

सगळ्यात जास्त नुकसान कोण करतं ठाऊक आहे? आपली नखं. घट्ट सूट वर ओढताना नख रुततं आणि रबरावर चंद्रकोरीसारखी चीर पडते. म्हणून बोटांच्या पेरांनी, थोडा थोडा करून ओढायचा. पायात आधी प्लॅस्टिकची पिशवी घातली तर पाय सुळकन आत जातो. फार सोपी युक्ती आहे ही.

चीर पडलीच तर? आपला पंक्चरवाला आठवा. तो ट्यूब घासतो, सोल्युशन लावतो, आणि लगेच ठिगळ चिकटवत नाही. थांबतो. सोल्युशनमधला पातळ द्रव उडून जायला हवा. तो आत अडकला तर जोड मऊ राहून सुटतो. निओप्रीनचा डिंक वेगळा असतो, पण रीत तीच: चिरेच्या दोन्ही कडांना पातळ लेप, वाळू द्यायचा, पुन्हा लेप, पुन्हा थांबायचं, मग घट्ट दाबून धरायचं. हे काम मोठ्यांनीच करायचं, कारण त्या डिंकाचा वास डोक्यात जातो.

समुद्रातून वर आलं की सूट लगेच गोड्या पाण्यात बुचकळायचा. नाहीतर पाणी उडतं आणि मिठाचे खडे रबरावरच्या कापडात, चेनच्या दातांत बसतात. मग चेन अडते आणि आपण ती हिसडतो! गरम पाणी, वॉशिंग मशीन नको. ओला सूट बारीक तारेच्या हँगरवरही नको. पाण्याच्या वजनाने खांदे ताणतात. उलटा करून, जाड बांबूवर कमरेतून दुमडून टाकायचा आणि सावलीत वाळवायचा.

सावलीतच का? उन्हातले अतिनील किरण रबराच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तोडतात. मग रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात.

वेटसूट घरी नसला तरी हे तुम्हाला बघता येईल. दोन सारखी रबरबँड घ्या. एक ताणून पेन्सिलीला गुंडाळा आणि खिडकीत उन्हात ठेवा. दुसरं तसंच गुंडाळून कपाटात, अंधारात. वहीत तारीख लिहा. महिन्याने दोन्ही सोडवून हळूच ताणा, भिंगातून बघा, आणि काय दिसलं ते आम्हाला पत्राने कळवा.