इस्केमिक कोलायटिस : मोठ्या आतड्याच्या रक्तपुरवठ्याचा विकार

प्रस्तावना :
शौचावाटे रक्त पडू लागले की बहुधा मूळव्याध झाली असे गृहीत धरले जाते. उतारवयात मात्र हे गृहीतक महागात पडू शकते. कारण मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठा घटल्यामुळे होणारा दाह, म्हणजेच 'इस्केमिक कोलायटिस', हेही त्यामागील कारण असू शकते. ए. मार्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये या विकारास हे नाव दिले आणि त्याचे तात्पुरता, आतडे अरुंद करणारा व आतड्याचा भाग मृत करणारा असे तीन प्रकार वर्णन केले.

रक्तपुरवठ्याची रचना :
मोठ्या आतड्याच्या उजव्या भागास वरची आंत्रधमनी, तर डाव्या भागास खालची आंत्रधमनी रक्त पुरविते. या दोहोंची क्षेत्रे प्लीहेजवळील वळणावर मिळतात. कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेताला पाणीटंचाईची झळ प्रथम बसते, त्याप्रमाणे रक्तप्रवाह मंदावताच या सीमाभागास प्रथम इजा पोहोचते. मलाशयास दुहेरी रक्तपुरवठा असल्याने तो सहसा बचावतो.

कारणे :
बहुसंख्य रुग्णांत धमनी पूर्णपणे बंद झालेली आढळत नाही. रक्तप्रवाह काही काळ अपुरा पडलेला असतो. निर्जलीकरण, रक्तदाब एकाएकी घसरणे, हृदयाची दुर्बलता, महाधमनीवरील शस्त्रक्रिया, तीव्र बद्धकोष्ठता आणि काही औषधे ही त्याची प्रमुख कारणे होत. साठीनंतर या विकाराचे प्रमाण वाढते.

लक्षणे व निदान :
पोटात, विशेषतः डाव्या बाजूस, अचानक कळ येते. शौचाची घाई होते आणि साधारणतः २४ तासांच्या आत रक्तमिश्रित शौचास होते. सीटी स्कॅन, कोलोनोस्कोपी व आतड्याच्या अस्तराच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकीय तपासणी यांद्वारे निदान निश्चित होते. जंतुसंसर्ग, व्रणयुक्त दाह व कर्करोग यांपासून हा विकार वेगळा ओळखणे आवश्यक असते.

उपचार :
बहुतांश रुग्ण आतड्यास विश्रांती, शिरेवाटे द्रवपदार्थ, आवश्यकतेनुसार प्रतिजैविके आणि कारणीभूत औषध बंद करणे एवढ्यानेच बरे होतात. आतड्याचा भाग मृत झाल्यास किंवा त्यास छिद्र पडल्यास मात्र तातडीची शस्त्रक्रिया अटळ ठरते. केवळ उजवा भाग बाधित असल्यास धोका अधिक असतो. कारण वरची आंत्रधमनी लहान आतड्यासही रक्त पुरविते.

समारोप :
हा विकार बहुधा बरा होणारा आहे. तथापि सौम्य व घातक प्रकारांचा आरंभ सारखाच भासू शकतो. म्हणूनच अचानक पोटदुखी व त्यापाठोपाठ रक्तस्राव झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता वैद्यकीय तपासणी करून घेणे हेच श्रेयस्कर होय.