प्रवेशयादीची वाट आणि मुलांची प्रकृती

पावसाळा सुरू झाला की आपल्या जिल्ह्यातील दवाखान्यांत कोणते रुग्ण येणार हे साधारण ठरलेले असते. ताप, जुलाब, लेप्टोची धास्ती, लावणीच्या चिखलात दिवसभर उभे राहून पायाला झालेल्या चिखल्या. गेली काही वर्षे यांच्या जोडीला आणखी एक प्रकारचा रुग्ण दिसू लागला आहे. वय सतरा-अठरा. ताप नाही, खोकला नाही. पोटात कळ येते, सकाळी मळमळते, डोके जड असते, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. मुलगी असेल तर पाळी पुढे गेलेली असते. रक्त-लघवी तपासावी तर काही निघत नाही. सोबत आलेली आई काळजीने विचारते, "डॉक्टरांनू, झिलाक आठ दिस जेवाण जायना. टायफॉइड तर नाय ना?"

अशा वेळी एक प्रश्न विचारावा लागतो. बारावी झाली का, आणि अर्ज कुठे कुठे केले आहेत? तोवर गप्प बसलेला रुग्ण मग बोलू लागतो, आणि पर्सेंटाइल, कटऑफ, राउंड, बेटरमेंट असे शब्द एकामागून एक बाहेर पडतात. दुखणे पोटाचे असले तरी त्याचे मूळ प्रवेशयादीत असते.

याचा अर्थ मुलगा सोंग करतो असा मुळीच नाही. त्याच्या पोटात खरोखरच दुखत असते. ते कसे, हे समजून घेण्याआधी ही वाट किती लांबची झाली आहे ते पाहू.

एकेकाळी बारावीची गुणपत्रिका हातात पडली की थोड्याच दिवसांत कॉलेजच्या फलकावर यादी लागे. नाव असले तर पेढे, नसले तर एस.टी. पकडून दुसऱ्या गावचे कॉलेज. आता बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. मग सीईटी, वैद्यकीयसाठी नीट. निकालानंतर नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, पसंतीक्रम, आणि त्यानंतर एकामागून एक फेऱ्या. २०२४ साली तर नीटची परीक्षा ५ मे रोजी झाली, निकाल ४ जूनला लागला, पेपरफुटीचे व वाढीव गुणांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, फेरपरीक्षा नाही असा निर्णय २३ जुलैला आला आणि सुधारित निकाल २६ जुलैला. पहिली फेरी ऑगस्ट उजाडल्यावर. म्हणजे परीक्षा देऊन अडीच महिने उलटले तरी आपले गुण कायम राहणार की नाही, हेच मुलांना ठाऊक नव्हते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो, हे आता सवयीचे झाले आहे. २०२४ साली आपला निकाल ९७.५१ टक्के होता. अभिमानाची गोष्ट खरी, पण जिथे जवळजवळ सगळेच पास होतात तिथे पास होणे ही बातमी राहत नाही. गावात प्रश्न एकच उरतो, "नंबर खंय लागलो?" ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ पासून सुरू झाले, त्यात १०० जागा आहेत. कॉलेज घराजवळ म्हणून जागा आपल्या मुलाला, असा बऱ्याच पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि बाकीच्यांसाठी साऱ्या महाराष्ट्रातील मुले रांगेत असतात. हे ठाऊक नसले की घरात उगीचच आशा वाढते आणि नंतर उगीचच दोष मुलाच्या माथी येतो.

आता शरीराकडे वळू. संकट समोर दिसले की मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडतात. छाती धडधडते, स्नायू ताठतात, पचनाचे काम मागे पडते. ही व्यवस्था सापापासून पळण्यासाठी आहे. साप गेला की दहा-पंधरा मिनिटांत सारे निवळायला लागते. यादीची वाट पाहताना मात्र साप जात नाही आणि चावतही नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग सापाशीच निगडित आहे. संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवायचे आणि कोणत्या दगडाखाली साप आहे ते स्वयंसेवकांनी ओळखायचे. साप निघाला की हाताला विजेचा बेताचा झटका. घाम व डोळ्यांची बाहुली यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जेवढा ताण होता, त्याहून कितीतरी अधिक ताण बसेल की नाही हे निम्मेनिम्म असताना आढळला. कटऑफच्या अगदी काठावर असलेली मुले सर्वांत जास्त आजारी का पडतात, याचे उत्तर मला यात दिसते. ज्याला नक्की मिळणार तो झोपतो. ज्याला नक्की मिळणार नाही तोही रडून झाल्यावर झोपतो.

ताण आठवडेच्या आठवडे चालला की पोट आधी बोलते. जठर व आतड्यांना मेंदूशी जोडणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे दाट आहे. आतड्यांची हालचाल बिघडते, कुणाला बद्धकोष्ठ तर कुणाला सकाळी तीन वेळा पळावे लागते. त्यात रात्री जागून कोरा चहा, सकाळी उपाशीपोटी पुन्हा चहा. चहातील कॅफीन निम्मे उतरायलाच सुमारे पाच तास लागतात, म्हणजे रात्री नऊचा कप मध्यरात्रीनंतरही अंगात असतो. मुलींच्या पाळीचे नियंत्रण मेंदूतून होते, तेथे ताणाची द्रव्ये आडवी येतात आणि पाळी लांबते. एखादा महिना असे झाले तर घाबरू नये, सलग तीन महिने झाले तर तपासून घ्यावे.

यादी लागायच्या दिवशी काही मुलांच्या हाताच्या बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे आखडतात, श्वास पुरत नाही असे वाटते. घरचे लोक हृदयाचा झटका समजून रिक्षा बोलावतात. खरे कारण असे की घाबरून भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे रक्तातील वापरण्याजोगे कॅल्शियम तात्पुरते घटते आणि मुंग्या येतात. मुलाला बसवावे, नाकाने सावकाश श्वास घ्यायला लावावा आणि त्याच्या दुपटीने वेळ घेऊन सोडायला सांगावे. पाच-दहा मिनिटांत बोटे सुटतात. कागदी पिशवीत तोंड घालण्याचा जुना उपाय आता सुचवला जात नाही, कारण दमा वा हृदयाचे दुखणे असेल तर तो घातक ठरू शकतो. पहिल्यांदाच असे झाले असेल, किंवा छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

एक सावधगिरी इथेच सांगतो. सगळेच ताणावर ढकलू नये. वजन झपाट्याने उतरत असेल, तहान व लघवी वाढली असेल तर साखर तपासलीच पाहिजे. या वयातही मधुमेह होतो आणि तो उशिरा कळणे जिवावर बेतते. हिमोग्लोबिन व थायरॉइडही एकदा पाहून घ्यावे.

यानंतर तुलनेचा विषय. माझ्या मते वाट पाहण्याने जेवढी प्रकृती बिघडत नाही तेवढी तुलनेने बिघडते. माणूस स्वतःला दुसऱ्याशी ताडूनच आपली किंमत ठरवतो, असे लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मांडले होते. आपल्याकडे ते सिद्ध करायला शास्त्रज्ञ नको, चतुर्थी पुरते. चाकरमानी मुंबईहून येतात, आरती होते, आणि मखरासमोरच विचारपूस सुरू होते, "काय रे, तुका किती पडले?" नेमक्या त्याच सुमारास फेऱ्या चालू असतात.

पण तुलना करायचीच असेल तर निदान बरोबर तरी करावी. सीईटीतील ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. त्या सत्रात परीक्षेला बसलेल्यांपैकी ९५ टक्के मुले तुमच्या बरोबरीची किंवा तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समजा एका गटाला चार लाख मुले बसली, तर ९५ च्या पुढे वीस हजार मुले आहेत, आणि एका पर्सेंटाइलमध्ये चार हजार. म्हणून शेजारच्या मुलीचे ९६ आणि आपल्या मुलाचे ९५ यांत 'एकाच मार्काचा फरक' नसतो. नीटचेही तेच. २०२४ साली देशात सुमारे तीस हजार मुलांना ६५० च्या वर गुण होते. २०२५ साली पेपर कठीण निघाला, देशात पहिला आलेल्याला ७२० पैकी ६८६ मिळाले आणि ६५० च्या वर शंभर मुलेही नव्हती. अशा वेळी "मावसभावाला गेल्या वर्षी ६२० होते, तुला ५४० कसे?" हा प्रश्न गणिताच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. पाहायचा तर अखिल भारतीय क्रमांक पाहावा, आणि तोही आपल्याच प्रवर्गातील, त्याच वर्षाच्या यादीशी लावून.

मग या काळात करावे काय? कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेचा निकाल चार महिन्यांनी लागत असे. तेथील मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी वाट पाहणाऱ्या २३० पदवीधरांना सारखे प्रश्न विचारून अभ्यास केला. सुरुवातीला आणि निकालाच्या तोंडावर बेचैनी अधिक, मध्ये थोडा उतार. मन वळवण्याच्या बहुतेक युक्त्यांनी बेचैनी फारशी कमी झाली नाही. गंमत अशी की जे आधीपासून थोडे धास्तावलेले होते त्यांनी वाईट बातमी आली तेव्हा ती अधिक नीट पचवली. म्हणून "काळजी करू नको, तुला मिळणारच" असे वारंवार सांगण्यात अर्थ नाही. मुलालाही कळते की हे कुणाच्या हातात नाही. "नाही मिळाले तर काय करू, ते एकदा बसून ठरवू" हे वाक्य अधिक उपयोगी. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, मुळद्याला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, नर्सिंग, फार्मसी, साधी बी.एस्सी. आहे. यांतले दुसरे-तिसरे नाव मुलाने स्वतः कागदावर लिहिलेले असले की पोटातली कळ बरीच कमी होते, हा माझा अनुभव.

त्याच संशोधिकेच्या पुढच्या कामात आढळले की हातचे काम असे असावे, ज्यात माणूस गुंगून जातो. दर्यावर्दी माणसाला हे सांगायला नको. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की आपले मच्छीमार समुद्राकडे बघत बसत नाहीत, जाळी विणायला घेतात. मुलानेही काहीतरी विणायला घ्यावे. पोहणे, ड्रायव्हिंग, भजनात पखवाज, वडिलांच्या दुकानाचा हिशेब, काहीही चालेल. टी.व्ही. आणि मोबाइल चालत नाहीत, कारण त्यात हात मोकळेच राहतात आणि मन पुन्हा यादीकडे जाते.

मोबाइलला वेळ बांधून द्यावी. यादी ज्या दिवशी लागणार असे जाहीर झाले आहे त्या दिवशी पाहावी, एरवी सकाळी एकदा व संध्याकाळी एकदा. रेंजसाठी पावसात घाटीवर जाऊन दर अर्ध्या तासाने पडदा पाहिल्याने क्रमांक वर सरकत नाही. झोपताना फोन स्वयंपाकघरात ठेवावा. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि शरीराचे घड्याळच उशिराकडे झुकलेले असल्याने मुले उशिरा झोपतात, त्यात सगळाच आळस नसतो. सकाळी मात्र ठरावीक वेळी उठवून उजेडात बाहेर काढावे. जेवण जात नसेल तर आग्रहाचे ताट वाढू नये. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, थोडे थोडे चार वेळा. आजोबांच्या झोपेच्या गोळीतली अर्धी मुलाला देण्याचा प्रकार काही घरांत चालतो, तो ताबडतोब थांबवावा. त्या गोळ्यांची सवय लागते.

पालकांचीही गाठ याच महिन्यांत पडते. जातवैधता, नॉन क्रीमिलेअर, रहिवासी दाखला यांसाठी ओरोसच्या खेपा, रांगेत उपाशी उभे राहणे, आणि रक्तदाबाची गोळी घरच्या फळीवर. मधुमेहींची साखर ताणाने चढते, उपासाने उतरते, दोन्ही धोक्याचे. दाखल्यांच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटे आणि दोन चपात्या असाव्यात.

शेवटी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. मूल मित्रांना टाळू लागले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, "माझ्यामुळे तुमचे पैसे फुकट गेले" किंवा "मी नसलेलाच बरा" असे म्हणू लागले, तर ते नाटक समजू नये. थेट विचारावे, "जिवाचे बरेवाईट करण्याचे मनात येते का?" विचारल्याने तो विचार मनात घुसत नाही, उलट मूल मोकळे होते. त्याला एकटे ठेवू नये. आंबा-काजूच्या फवारणीची औषधे आपल्याकडे पडवीत, माळ्यावर सहज पडलेली असतात. ती कुलपात ठेवावी आणि किल्ली मोठ्या माणसाकडे असावी. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, रात्री-अपरात्रीही फोन लागतो. पालकांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.