आमचूर, सातपुड्यातील
आमचूर : न पिकलेल्या आंब्याचा गर चिरून व वाळवून केलेला आंबट पदार्थ. मूळ अर्थ ‘आंब्याचे चूर्ण’ असा असला, तरी व्यवहारात वाळलेल्या फोडींनाही आमचूरच म्हणतात. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव (अक्राणी तालुका) परिसर त्यासाठी प्रसिद्ध आहे. तापीकाठच्या सपाट प्रदेशाच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत हा परिसर असून तेथे मुख्यतः भिल्ल व पावरा या जमातींची वस्ती आहे.

येथील आंबा गावठी असून त्याची झाडे घरांभोवती, शेताच्या बांधांवर व नाल्यांकाठी आढळतात. ती कलमी नसून कोयीपासून वाढलेली असल्याने आकार, रेषा व आंबटपणा यांबाबत प्रत्येक झाडाचे फळ निराळे असते. डोंगराळ प्रदेशातून पिकलेली फळे दूरच्या बाजारात नेणे अवघड. याउलट आमचूर हलका व टिकाऊ असतो.

एप्रिल-मे महिन्यांत कैऱ्या उतरवितात, साल काढून गराच्या फोडी करतात व त्या उन्हात पसरतात. या कामात सर्व कुटुंब, विशेषतः स्त्रिया, गुंतलेल्या असतात. कैरीच्या गरात सु. ८० ते ८५ टक्के पाणी असते. साल व कोय वजा जाता १०० किग्रॅ. कैऱ्यांपासून ढोबळमानाने १० किग्रॅ.च्या आसपास आमचूर मिळतो. त्याचा आंबटपणा प्रामुख्याने सायट्रिक अम्लामुळे असतो.

चिरलेल्या गरातील एंझाइमांची हवेशी विक्रिया होऊन फोडी काळवंडतात. वाळण्यास विलंब लागल्यास किंवा अवकाळी पाऊस झाल्यास हा दोष वाढतो व बुरशीही येते. पांढरट आमचुरास चांगला भाव येतो, काळ्यास कमी. त्यामुळे पंधरवड्याच्या श्रमांचे मोल एका सरीने उतरू शकते. खरिपाच्या पेरणीपूर्वी हाती येणारी ही रक्कम बी-बियाण्यासाठी महत्त्वाची असल्याने अनेक कुटुंबांना भाव वाढेपर्यंत माल राखून ठेवणे परवडत नाही. स्वच्छ ताडपत्री, जमिनीपासून उंच मांडव व सौर शुष्कक यांच्या वापराने प्रत सुधारते.

उत्तर भारतीय पाककृतींत, विशेषतः छोले, चाट व भाज्यांत, आमचुराचा मोठा वापर होतो. तथापि दळणे, प्रतवारी व वेष्टन ही मूल्य वाढविणारी कामे उत्पादकांच्या हाती आली, तरच गावठी झाडे राखणे त्यांना लाभदायक ठरेल. [⟶ आंबा, सातपुडा].